आधी बघा, मग पाणी सोडा

“रक्त कधीपासून जातंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“जर्मनीपासून,” मी म्हणाले.

त्यांनी कधीपासून विचारलं होतं आणि मी कुठपासून ते सांगितलं. शेजारी बसलेल्या सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू बायको अजून गुंगीतून बाहेर आलेली नाही. पण मी पूर्ण शुद्धीवर होते. माझी कोलोनोस्कोपी नुकतीच झाली होती. कोलोनोस्कोपी म्हणजे मागच्या वाटेने कॅमेऱ्याची लांब नळी घालून मोठं आतडं आतून बघणं. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. ओली गुलाबी भिंत होती आणि तिच्या एका अंगाला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ होती.

“तुकडा तपासायला पाठवलाय,” त्या म्हणाल्या. “पण मी तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. हा कॅन्सर वाटतोय. रेक्टमचा. रेक्टम म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग, संडासच्या जागेच्या लगेच वर. आता नीट आठवून सांगा, कधीपासून?”

मी पुन्हा जर्मनीच म्हणाले. महिना, तारीख आठवतच नव्हती. तो संडास मात्र डोळ्यांसमोर लख्ख होता.

हे मी लिहितेय कारण तुमच्यातल्या कुणाला तरी आत्ता हेच होत असेल आणि तो कुणाला सांगत नसेल. पुढे संडास हा शब्द पुष्कळ वेळा येणार आहे. नाक मुरडायचं असेल तर मुरडा, पण वाचा.

माझी मुलगी मुग्धा जर्मनीत असते. तिच्या बाळंतपणाला मी गेले होते. पहिल्याच दिवशी बाथरूममध्ये गेले आणि तशीच बाहेर आले. “मुग्धा, हा कमोड उलटा बसवलाय का गं?”

आपल्याकडच्या कमोडमध्ये सगळं थेट पाण्यात पडतं. तिच्या जुन्या इमारतीतल्या कमोडला आतमध्ये एक सपाट फळी होती, चिनी मातीचीच. जे काय असेल ते त्या फळीवर पडायचं आणि तिथेच राहायचं. फ्लश केलं की पाण्याचा लोंढा यायचा आणि सगळं पुढच्या भोकात ढकलून न्यायचा. म्हणजे तुम्ही उठून मागे वळलात की ताटात वाढल्यासारखं समोर.

“इथले म्हातारे म्हणतात, आधी बघायचं, मग पाणी सोडायचं. तब्येत कळते,” मुग्धा म्हणाली.

“ह्या लोकांना बघायला दुसरं काही नाही वाटतं!” मी म्हणाले.

तिथे जेट नाही, टमरेल नाही, नुसता कागद. मी गॅलरीतली झाडांना पाणी घालायची झारी आत नेऊन ठेवली. जावई दोन दिवसांत झाडांसाठी दुसरी झारी घेऊन आले.

बघण्याचं मी हसण्यावारी नेलं खरं, पण त्या घरात रोज बघणं चालूच होतं. माझी आई उरणला असते. आम्ही उरणचे कोळी, तिला आय म्हणतो. वय झालं तरी आवाज मासळी बाजारातलाच आहे. ती रोज व्हिडिओ कॉल करायची आणि पणतीचं तोंड बघायच्या आधी विचारायची, “शी कशी झाली गो? पिवली का हिरवी?” मग मुग्धा लंगोट कॅमेऱ्यापुढे धरायची आणि उरणला बसून आय निकाल द्यायची, “बरी हाय.” बाळाची शी म्हणजे बाळाची पत्रिकाच, असं ती म्हणते. मोठ्या माणसांची पत्रिका मात्र आमच्यात कुणी मांडत नाही.

अशातच एका सकाळी मी त्या फळीवर लाल रेघा पाहिल्या.

आदल्या दिवशी बिटाची कोशिंबीर खाल्ली होती. मी स्वतःला सांगितलं, बीट. मग बीट बंद केलं. रेघा बंद झाल्या नाहीत. मग म्हटलं, उष्णता असेल. बाळंतिणीबरोबर मीही डिंकाचे लाडू खात होते ना! घरात ओली बाळंतीण, तिचे टाके, बाळाचं रडणं. तिथे मी कुठे ‘मला रक्त जातंय’ म्हणून सांगत बसू? परतीची तारीख जवळ होती. घरी जाऊन बघू म्हटलं. रोज बाथरूममध्ये वळून बघायचं नाही असं ठरवायचे आणि बघायचे.

पनवेलला आले आणि रक्त थांबलं.

थांबलं असं मला वाटलं. आमच्या फ्लॅटमधला कमोड म्हणजे सुधीरचा अभिमान आहे. हा माणूस पुण्याचा. लग्न करून आणला तेव्हापासून त्याचं नेटकेपण मी सोसतेय. फ्लशच्या टाकीत तो न चुकता निळी गोळी टाकतो. पाणी कसं गडद निळं, वर लव्हेंडरचा वास. त्या निळ्या डोहात काय पडलं नि काय बुडालं, देवालाही कळायचं नाही. मी उठायचे, बटण दाबायचे, बाहेर यायचे. मनात म्हणायचे, घरचं पाणी लागलं, बरं झालं. मला इतकं हलकं वाटलं होतं की मी देवीला नारळसुद्धा वाहून आले.

पण शरीर गप्प बसेना. सारखं जावंसं वाटायचं आणि गेल्यावर काहीच व्हायचं नाही. ह्याला टेनेस्मस म्हणतात, हे मला पुढे कळलं. आतडं रिकामं असतं, पण आतल्या गाठीमुळे त्याला वाटत राहतं की अजून काही उरलंय. मी उरणजवळ द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. तिथला जिना चढताना दम लागायला लागला. मी इसबगोल सुरू केलं. इसबगोल हे आपल्या घराघरातलं पहिलं आणि शेवटचं औषध.

नवरात्रात उरणला माहेरी गेले. तिथे अजून पाय दुमडून बसायचा संडास आहे. भाऊ हरेशने तो पांढऱ्या लाद्या लावून बांधला आहे. त्याच्या भांड्याचा मागचा भाग सपाट असतो आणि पाणी आपण बादलीतून ओतल्याशिवाय काही वाहून जात नाही. मी उठले आणि खाली बघितलं. लाल. रेघा नव्हेत, चांगलं लाल, शेंबडासारखं चिकट. जर्मनीतलं सगळं तिथे पुन्हा मांडून ठेवलेलं. हातातलं टमरेल तसंच राहिलं.

“एवढा वेल काय करतस गो?” आय दारावर थापा मारत होती.

मी कडी काढली. काय बोलले आठवत नाही, नुसतं बोट दाखवलं असेन. आय आत वाकली, बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, “मुलव्याध हाय. ताक पी, सुरन खा. चिंबोऱ्या बंद कर, लय उष्ण. तुज्या बापाला पन व्हती.”

मूळव्याध. मला हाच शब्द हवा होता. पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मी पाणी ओतलं, हात धुतले, ताक प्यायले. मग ग्लास खाली ठेवता ठेवता उगाच विचारलं, “आय, बाबा गेले कशाने?”

“ह्यानीच. रगत जाऊन जाऊन पांढरा झालेला मानूस.”

मूळव्याधीने माणूस असा मरत नाही, एवढं मला कळत होतं. बाबा गेले तेव्हा ते माझ्या आताच्या वयाचेच होते.

परतताना सुधीर गाडी चालवत होता. जासईच्या पुढे कंटेनरच्या ट्रेलरची रांग लागली होती, ती हलेना. त्या रांगेत मी त्याला सगळं सांगितलं. जर्मनी, फळी, बीट, उरण. पुढचा ट्रेलर सरकला तरी ह्याची गाडी जागेवरच आणि मागून हॉर्नचा गोंगाट. मग एकदम म्हणाला, “मला का नाही सांगितलंस?” आपल्याकडे नवरा-बायको एका ताटात जेवतील, पण ह्या विषयावर एक शब्द बोलणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी हातमोजा घालून बोटाने तपासलं. अर्धं मिनिट लागतं. लाजेने मान खाली जाते, पण दुखत नाही. त्यांचं बोट आत थांबलं तेव्हाच मला कळलं की काहीतरी लागलं आहे. “मूळव्याध आहे की नाही हे घरात ठरवायचं नसतं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी कोलोनोस्कोपी लिहून दिली. आदल्या दिवशी पोट साफ करायचं खारट पाणी पितात. ते तेवढं जिवावर येतं. बाकी नळीची भीती निम्मी ऐकीव आहे.

आणि मग ती खोली, तो स्क्रीन, तो फ्लॉवरचा गड्डा.

त्या दिवशी घरी आल्यावर मी पलंगावर आडवी झाले. बाथरूममधून खरवडल्याचा आवाज यायला लागला. उठून बघितलं तर सुधीर फ्लशच्या टाकीचं झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घालून उभा. निळी गोळी तळाला चिकटली होती, ती तो नखांनी काढत होता. हात निळा, बनियन निळा. माझ्याकडे न बघता म्हणाला, “मीच टाकत होतो ना ही.” मी त्याला म्हटलं, अरे गोळीने कॅन्सर होत नाही. त्याला ते माहीत होतं. तो खरवडत राहिला आणि मी दाराला टेकून रडले.

पुढचे दिवस रिपोर्टांचे. बायोप्सी, म्हणजे काढलेल्या तुकड्याची तपासणी. कॅन्सरच निघाला. सीटी स्कॅन, गाठ यकृतात किंवा फुप्फुसात पोचली आहे का ते बघायला. पोचली नव्हती. एमआरआय, ती नेमकी किती खाली आहे ते बघायला. हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये सगळे मोबाइलकडे बघत बसतात, पण नाव पुकारलं की सगळ्यांचेच चेहरे वर होतात. सुधीर माझी फाइल छातीशी धरून बसायचा. शाळेत पहिल्या दिवशी मुलं दप्तर धरतात तसा.

गाठ फार खाली होती. डॉक्टरांनी ते नाडीच्या पिशवीचं उदाहरण देऊन समजावलं. पिशवीच्या तोंडाशी नाडी असते, ती ओढली की पिशवी बंद. आपल्या शरीरात ती नाडी म्हणजे स्फिंक्टर, संडास धरून ठेवणारा गोल स्नायू. गाठ आणि नाडी यांच्यात जागा अगदी थोडी होती. आधी रेडिएशन आणि केमोच्या गोळ्या देऊन गाठ आकसवायची आणि मग ऑपरेशन करायचं. नाडी वाचली तर आतडं पुन्हा जोडता येणार होतं. नाही वाचली तर ती वाट कायमची शिवून टाकायची आणि पोटावर भोक करून तिथे पिशवी लावायची. त्या भोकाला स्टोमा म्हणतात.

“पिशवी दोन्ही वेळेला असेल,” डॉक्टर म्हणाल्या. “नाडी वाचली तर जोड भरून येईपर्यंत तात्पुरती. ती उजवीकडे असते. नाही वाचली तर कायमची. ती डावीकडे. कुठली, ते आत बघितल्यावरच ठरेल. शुद्धीवर आलात की हात लावून बघा.”

मी जगेन का, ही भीती होतीच. पण खरं सांगू? रेडिएशनच्या त्या सगळ्या दिवसांत मी रोज झोपताना उजव्या आणि डाव्या कुशीवर हात ठेवून बघायचे. आयुष्यभर जे पाय दुमडून, दार लावून, पाण्याने धुऊन केलं, ते आता पोटावर, कपड्यांखाली, कधीही, आवाजासकट होणार. बसमध्ये, ऑफिसात, देवापुढे. रेडिएशनमुळे तिथली कातडी सोलवटली होती. नीट बसवेना, धुववेना. तेव्हा मला कळलं की साधं मोकळं होता येणं हे केवढं मोठं सुख असतं.

ऑपरेशनच्या दिवशी सुधीरने बाहेर थांबताना उजवा हात वर करून दाखवला. बाय केल्यासारखा. मला अर्थ कळला.

जाग आली तेव्हा सगळं पांढरं आणि लांबून आवाज. घसा कोरडा. कुणीतरी माझं नाव घेऊन विचारत होतं, दुखतंय का? मला दुखणं नंतर हवं होतं. उजव्या हाताला सलाइन बांधलेलं, तो हलेना. मी डावा हात चादरीखाली घातला. आम्ही ज्या हाताने धुतो तो हात. आधी डावीकडे चाचपडले. पट्टी. पट्टीच होती की पिशवी? बोटं बधिर झाली होती. मी दाबून बघितलं. नुसती कातडी आणि पट्टी. मग हात बेंबीवरून हळूहळू पलीकडे नेला. पलीकडे काहीतरी सुळसुळीत, प्लॅस्टिकचं, कोमट.

उजवीकडे.

मी नर्सला विचारलं, हा माझा उजवाच ना? ती म्हणाली, हो मावशी. मी तिला पुन्हा विचारलं.

पिशवीबरोबर मी काही महिने काढले, त्यात पुन्हा केमो झाली. ज्यांना कायमची आहे त्यांना मी एवढंच सांगते की पहिले पंधरा दिवस वाईट असतात, मग हात शिकतो. पिशवी अर्धी भरली की रिकामी करायची, भरायची वाट बघायची नाही. कातडीवर पावडर नीट लावायची. मी कामावरही गेले. पण उरणला काही गेले नाही. कमोडवर बसून पिशवी दोन पायांमध्ये रिकामी करता येते. आयच्या घरी ती कशी करणार? गुडघे टेकून? खरं कारण ते नव्हतंच. आयने मला तसं बघू नये, असं मला वाटायचं.

मग आयच आली. हरेशला गाडी काढायला लावून, डब्यात सुक्या बोंबलाची चटणी घेऊन, जी मला चालणार नव्हती. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “दाखव.”

“काय दाखव आय, काही बघण्यासारखं नाही.”

“मी तुजी आय हाय ना? दाखव.”

मी गाऊन वर केला. हरेश पटकन गॅलरीत गेला. आयने चष्मा लावला, खाली वाकली आणि पिशवीच्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून बराच वेळ बघत राहिली. मासळी बघते तशी, घाई न करता. मग बोट लावून म्हणाली, “पिवली हाय. बरी हाय.”

पणतीच्या लंगोटाला जो निकाल द्यायची, तोच. मला हसू आलं आणि हसताना पिशवीही हलली. पण आय हसत नव्हती. ती पिशवीकडेच बघत होती.

“तुज्या बापाचा आमी कोनी बगलाच नाय,” ती म्हणाली. “तो पहाटंला खाडीवर जायाचा. ओटी असली तर खडकावर, भरती आली का दर्या सगला नेयाचा. घरात संडास कुटं व्हता? कोन बगनार? मी कपडे धुवाची त्याचे, डाग दिसाचे. इचारला तर म्हनाचा, मुलव्याध. मी पन म्हनाची, मुलव्याध. दर्यान नेला गो सगला, मना काय दाखवला नाय.”

एवढी वर्षं ती हे कुणाशी बोलली नव्हती. मी तिचा हात धरला. गॅलरीत हरेश पाठमोरा उभा होता.

हरेशचं सांगायचं राहिलं. बाबांचं आणि माझं ऐकून डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की सख्ख्या भावाची कोलोनोस्कोपी झालीच पाहिजे, त्रास असो नसो. मुग्धाचीही, ती कबूल झाली. हरेश मात्र ऐकायचा नाही. “मना काय होतंय? आनि ती नली मी मरलो तरी घालून घेनार नाय,” म्हणायचा. जासईच्या कंटेनर यार्डात क्रेन चालवणारा गडी, त्याला नळीची लाज. मी फोनवर भांडले, रडले, बोलणं टाकलं. काही उपयोग नाही.

आय उठली. काठी टेकत गॅलरीच्या दारात गेली आणि त्याच्या पाठीकडे बघून, आवाज न चढवता म्हणाली, “हरेश, तुजा पन मी बगू नको काय?”

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मग हरेश वळला, डोळे लाल. मला म्हणाला, “ताय, कुटला डाक्टर हाय तुजा?”

त्याच्या आतड्यात दोन पॉलिप निघाले. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेला मांसाचा मणी. काही पॉलिप राहू दिले तर त्यांचाच पुढे फ्लॉवरचा गड्डा होतो. त्याच नळीतून डॉक्टरांनी ते तिथल्या तिथे काढून टाकले. हरेश त्याच संध्याकाळी घरी जेवला.

माझी पिशवी निघाली. जोड भरून आली होती. त्यानंतरही सगळं सुरळीत झालं नाही, हेही सांगून ठेवते. रेक्टम काढलेला असतो, साठवायला जागा उरत नाही. सुरुवातीला दिवसातून कितीतरी वेळा पळावं लागायचं, अजूनही बाहेर पडताना संडास कुठे आहे ते मी आधी विचारून घेते. पण चालतंय. मी जिवंत आहे, आणि माझा भाऊ यार्डात क्रेन चालवतोय. डॉक्टरांचे आभार मी मानले. जर्मनीतल्या त्या फळीचे मानायचे राहिले होते, ते इथे मानते.

सकाळी आयचा फोन अजून येतो. पणती आता लंगोटातून सुटली आहे, तरी येतो. आधी मला, मग हरेशला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच प्रश्न.

“बगलंस?”

“बघितलं, आय.”

“मग सोड पानी,” ती म्हणते आणि फोन ठेवते.